एकशे सात गारगोट्या

मी आयुष्यात एकदाच बेटावर गेलो, आणि तेही गुळाच्या काहिलीत बसून. लोकांना सांगताना मी ते बेट समुद्रात घालतो. तळ्यातलं बेट म्हटलं की ऐकणारा विडी शोधायला लागतो, समुद्र म्हटलं की मांडी घालून बसतो. पण हे कागदावर लिहितोय. बोललेलं वाऱ्यावर जातं आणि कागद पुन्हा काढून वाचता येतो, म्हणून जमेल तेवढं खरं लिहीन. जिथं जमणार नाही तिथं माझ्या जिभेची पन्नास वर्षांची सवय लक्षात घ्यावी.

आमचं गाव येडशीच्या स्टेशनापासून दोन कोसांवर. जगात लढाई चालली होती, रॉकेल मिळत नव्हतं आणि आम्ही निजामाच्या राज्यात, म्हणजे मोगलाईत होतो. बार्शीच्या वाटेला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका लागायचा. नाक्याच्या पलीकडं इंग्रजाचा मुलूख. त्याला आम्ही खालसा म्हणायचो. बायको मी खालसातून आणली होती. तिकडच्या लोकांना मोगलाईत काय आहे आणि काय नाही याचा पत्ता नसायचा, आणि ही गोष्ट माझ्या फार पथ्यावर पडली.

नव्या नवरीला मी सांगितलं की आमच्या विहिरीत मराठीत हाक मारली की उत्तर कानडीत येतं. आमची म्हैस एवढी उंच की तिच्या पाठीवरचे बगळे येडशीची गाडी दिसली की आधी आम्हाला सांगतात. ती तोंडावर पदर धरून हसायची. घरात दुसरं माणूस नव्हतं. आईबाप तापाच्या साथीत एकाच आठवड्यात गेलेले. त्या रिकाम्या घरात ते हसू वाजायचं, आणि ते वाजावं म्हणून मी रोज नवी थाप घडवायचो. कुंभार मडकी घडवतो तशी. फरक एवढाच की मडक्यात पाणी राहतं.

संध्याकाळी ती तळ्यावर धुणं धुवायला जायची, मी उगाच मागं. तळं मोठं होतं, चहासारखं गढूळ. मधोमध काळ्या खडकाचं एक बेट, वर दोन बाभळी. गावातलं कुणी तिकडं जात नसे, कारण आमच्या मुलखात नाव नव्हती आणि पोहणं म्हणजे विहिरीत पडलेल्या शेरडाचं काम.

"अवो, तिथं काय हाय?" तिनं एकदा विचारलं.

मी कधीच गेलो नव्हतो. म्हणून लगेच सांगता आलं. "त्या बेटाच्या कुशीत दुसरं तळं हाय. गुडघाभर पाणी. इतकं नितळ, की तळाच्या पांढऱ्या गारगोट्या काठावर बसून मोजाव्यात. एकशे सात हायत."

"एकशे आठ न्हायत व्हय?"

"एक म्या खिशात घालून आणली."

"दाखवा."

"हरवली."

ती हसली. मग बेटाकडं बघत म्हणाली, "मला न्या एकदा नावंतनं." मी व्हय म्हणालो. व्हय म्हणायला नाव लागत नाही.

आता जे वाईट केलं ते सांगतो. गावात उर्दू-मराठी दोन्ही वाचता येणारे आम्ही दोघं. एक पटवारी आणि दुसरा मी. पटवारी पत्र वाचायचा ते जप्तीची नोटीस वाचावी तसं, म्हणून लोक माझ्याकडं यायचे. पत्रात चार ओळी असल्या तर मी चौदा वाचायचो. कुणाच्या लेकीनं नुसतं "सुखरूप आहे" लिहिलं असलं तर मी त्यात दुभती गाय आणि समजूतदार सासू घालायचो. लोक डोळे पुसत जायचे. त्या उन्हाळ्यात सासऱ्याचं पत्र आलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, लेकीला धाडा म्हणून लिहिलं होतं. बायकोला अक्षरओळख नव्हती. ती समोर चुलीपाशी बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. आणि मी वाचलं की सगळे मजेत आहेत, आंबा भरपूर लागलाय, पंचमीला निवांत या.

का, म्हणून मला पुढं फार वेळा विचारलं गेलं. ती गेली असती तर घर रिकामं झालं असतं, एवढंच कारण. सासूबाई वाचल्या. पण पंचमीला ती माहेरी गेली तेव्हा आई काठी धरून दारात उभी होती, आणि तीन महिने लेकीची वाट बघितल्याचं त्या माउलीनं एकाच वाक्यात सांगितलं म्हणे.

पंचमी झाली, दसरा झाला, दिवाळी झाली. ती आली नाही. मी हातानं भाकरी थापायचो, तिचा आकार निजामाच्या मुलखासारखा व्हायचा, आणि करपायची ती नेमकी आमच्या जिल्ह्याच्या बाजूला. म्हशीला गोष्टी सांगून बघितल्या. ती रवंथ करता करता डोळे मिटायची. विहिरीत हाक मारायचो. उत्तर मराठीतच यायचं, आणि माझंच.

संक्रांतीनंतर कासारीण मावशी आली. बांगड्यांची पेटी घेऊन नाक्याच्या दोन्ही बाजूंनी हिंडणारी बाई. तिच्या तोंडी बायकोचा निरोप होता. पत्र धाडलं नव्हतं. पत्र मीच वाचणार, आणि माझ्या वाचण्यावर आता तिचा भरवसा नव्हता.

"तिनं सांगितलंय," मावशी ओट्यावर बसून म्हणाली, "आजवर जे जे बोलला त्यातलं एक तरी खरं दाखवा म्हणावं. एक. मग येते. न्हायतर पाडव्यानंतर बाप सोडचिठ्ठीचं बोलणार हाय."

"एकच?"

"एकच. जास्तीचं झेपायचं न्हाय म्हणली तुमास्नी."

ती गेल्यावर मी बसून सगळं आठवून काढलं. विहीर गेली. म्हैस गेली. माझे आजोबा वाघाला भाकरी घालायचे, त्याला साक्षीदार वाघच होता. उरलं फक्त बेट, कारण ते खोटं आहे हे मलाही माहीत नव्हतं.

फाल्गुनात गुऱ्हाळ आटोपलं तसा मी अप्पांकडं गेलो. अप्पा म्हणजे गुऱ्हाळाचे मालक, गळ्यात शिवलिंग, बोलण्यात अर्धी कानडी, वय सत्तरीपुढं. त्यांची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची कढई, चार हात रुंदीची. तिच्यात बसून त्यांच्या बापानं एकदा पुरातून नदी ओलांडली होती, हे सगळ्या गावाला पाठ होतं.

"अप्पा, काईल पायजे."

"गूळ संपला की तम्मा. आता काय शिजवतोस?"

"बेटावर जायचं हाय."

"कशाला?"

मला काही सुचलंच नाही. अप्पा माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. "गोष्ट सांगंना झालास," ते म्हणाले, "म्हंजी खरंच जाणार दिसतंस."

काहील गाडीवर उलटी घालून तळ्यावर आणली. कासवाची मिरवणूक निघाल्यासारखी. गूळ ढवळायचं लांब लाकडी फावडं वल्हं म्हणून घेतलं. मी पाय टाकणार तोच अप्पा गरजले. काहील म्हणजे अन्नपूर्णा. चप्पल घालून तिच्यात बसायचं नाही. मी चपला काढून काठावर शेजारी शेजारी, पाण्याकडं तोंड करून ठेवल्या, काहिलीला हात जोडले, भाकरीचं फडकं आणि पटका आत टाकला आणि बसलो. अप्पांनी पायानं ढकललं आणि बैल सोडायचे म्हणून ते घरी गेले.

गोल भांड्याला तोंड नसतं. वल्हं मारलं की ते पुढं जात नाही, फिरतं. बेट समोर यायचं, मग गाव, मग बेट, मग गाव. मी त्या दिवशी सगळ्या गावाला चाळीस प्रदक्षिणा घातल्या. त्यात काहील धुवायची राहिलेली. कडेला गुळाची खरपुडी आणि तिच्यात मुंग्यांचं आख्खं खेडं वसलेलं. पाणी लागताच ते खेडं माझ्या धोतरात स्थलांतरित झालं. पण खरं सांगतो, सात महिन्यांत माझ्या इतक्या जवळ कुणी आलं नव्हतं. मी त्यांना मारलं नाही.

बेटाला लागलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. उडी मारून खडकावर चढलो, बाभळीखालून पलीकडं गेलो, आणि उभाच राहिलो.

ते होतं.

खडकाचे दोन हात पुढं आलेले. उन्हाळा लागून तळं खाली गेलेलं, त्यामुळं त्या हातांच्या मधलं पाणी मोठ्या तळ्यापासून तुटलेलं, आणि महिनाभर कुणी न हलवल्यामुळं निवळलेलं. गुडघाभर. इतकं स्वच्छ की पाणी आहे हे पाण्यावर बाभळीचं पान तरंगत होतं त्यावरून कळलं. पानाची सावली खाली तळावर, आणि सावलीच्या आजूबाजूला पांढऱ्या गारगोट्या. बोटाएवढे मासे त्यांच्या मधून असे फिरत होते की जणू हवेतच.

माझ्या तोंडून निघालं, "अगं बघ."

मागं वळलो. बाभळी होत्या. मी आयुष्यात इतकं बोललो, पण बोलायला सगळ्यात जास्त माणूस लागलं ते त्या घटकेला. खोटं सांगायला नुसता ऐकणारा पुरतो. खऱ्याला शेजारी उभं राहणारं कुणीतरी लागतं, हे मला तिथं, मुंग्या झटकत झटकत कळलं. मी काठावर बसून गारगोट्या मोजल्या. किती भरल्या ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, आणि इथंही सांगणार नाही.

मोजून उठलो, बाभळीखालून परत आलो, तर काहील नव्हती. तळ्याच्या मध्यावर, माझ्या भाकरी आणि पटका घेऊन, ती सावकाश गिरक्या घेत गावाकडं चालली होती.

आता कोकणातला कुणी हे वाचत असेल तर तो म्हणेल, अहो, बांधली नाही का? नाही बांधली. आमच्याकडं बैल बांधतात, शेळी बांधतात. पण काहील म्हणजे भांडं. भांडं कुणी दावणीला बांधतं का?

गावात पुढं काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगतो. दुपारी एका धनगराला सांडव्यापाशी रिकामी काहील सापडली. आत भाकरी, पटका. काठावर चपला, शेजारी शेजारी, पाण्याकडं तोंड करून. त्याला दुसरं काही सुचेना. बायको नांदत नाही म्हणून गड्यानं जीव दिला. अप्पा घसा फोडून सांगत होते की चपला म्याच काढाय लावल्या, पण एवढी चांगली गोष्ट हातात आल्यावर ती कोण सोडतो? मी असतो तर मीही सोडली नसती. कासारीण मावशी त्या दिवशी गावातच होती. ती पेटी उचलून संध्याकाळच्या छोट्या गाडीनं बातमी घेऊन खालसाकडं गेली.

मी बेटावरून हाका मारत होतो. लोक काठावर जमलेले मला दिसत होते, मुगाएवढे. मी ओरडलो, "म्या जिता हाय." वारा पडला तेव्हा ते त्यांना ऐकूही गेलं. सगळ्यांनी बेटाकडं बघितलं म्हणे. मग कुणीतरी म्हणालं, "बघा. मेला तरी थापा मारायचं सोडंना." आणि बायकांनी पोरांना घरी नेलं. बेटावर यायला वाहन एकच, काहील. आणि माणूस खाल्लेल्या काहिलीत बसायला कुणी तयार होईना, अप्पांनाही लोक बसू देईनात. बुडालेलं तिसऱ्या दिवशी वर येतं, तोवर थांबू, असं ठरलं.

लोकांना मी तिथं अकरा दिवस काढल्याचं सांगतो. दोनच काढले. रात्रींबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंधार होता, आणि तो एकट्यालाच पुरवायचा होता. लोक म्हणाले बायकोपायी जीव दिला. मी नंतर त्यावर फार हसलो. त्या दोन दिवसांत मात्र, बेटाच्या एका अंगाला पाणी काळं आणि खोल होतं, आणि मी त्या अंगाला फारसा गेलो नाही. एवढंच लिहितो.

तिसऱ्या दिवशी सकाळी भूक अनावर झाली. मी त्या नितळ पाण्यात उतरलो, धोतर पसरून ते बोटाएवढे मासे धरायला. एकही सापडला नाही. मग मनात आलं, निदान गारगोट्या तरी काढून ठेवू. सुटका झालीच तर तिला पुरावा नेऊ. दोन्ही हातांनी गोळा केल्या, बारक्या टाकल्या, मोठ्या शोधल्या. वर आलो आणि मागं बघितलं.

गारगोट्यांखाली गाळ होता. मी ढवळलेलं सगळं वर आलं होतं. चहा झाला होता त्याचा. आणि माझ्या ओंजळीतल्या गारगोट्या उन्हात वाळून कुठल्याही ओढ्यातल्या गारगोट्यांसारख्या दिसायला लागल्या होत्या.

तेवढ्यात पलीकडून फावड्याचा आवाज आला. बाभळीखालून बघितलं तर काहील येत होती, फिरत फिरत. एकदा अप्पांचं पांढरं डोकं दिसायचं, एकदा हिरवं लुगडं. अप्पा, हिरवं लुगडं, अप्पा, हिरवं लुगडं. मी खाली बसलो.

ती उतरली. पहिल्यांदा तिनं काहिलीच्या कडीत दोरी ओवून बाभळीला बांधली. मग माझ्याकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, बाजारात जनावर बघतात तसं.

"कुठं हाय ते पाणी?"

मी बोट दाखवलं. ती काठावर जाऊन उभी राहिली. अप्पा मागं.

"हे गढूळ हाय," ती म्हणाली.

"सकाळी नितळ हुतं."

माझाच आवाज माझ्या कानावर पडला. म्हैस ज्या आवाजात उंच झाली होती, नेमका तोच. अप्पा आभाळाकडं बघायला लागले. मी गारगोट्या पुढं केल्या, आणि तिनं त्या बघितल्यासुद्धा नाहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा पुढं काहीही बोललो नाही. बोलण्यासारखं सगळं मी आधीच खर्च करून बसलो होतो.

ती मात्र खडकावर बसली, पाय दुमडून. "बसू द्या गाळ," म्हणाली. "काय घाई हाय?"

"तुझा बाप काठावर छत्री धरून उभा हाय की गं," अप्पा म्हणाले.

"उभा राहू द्या, अप्पा. चार महिन्यांनी पाऊस येईल, छत्री कामाला येती."

बसलो तिघंही. अप्पांनी त्यांच्या कनवटीचा गुळाचा खडा मला दिला. ती पाण्याकडं बघत, माझ्याकडं न बघता सांगत होती. बातमी आली तशा वाड्यातल्या म्हाताऱ्या जमल्या. एकीनं बांगड्या फोडायला वरवंटा आणला. हिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि द्यायचे नाकारले.

"का?" मी विचारलं.

"तुमीच म्हणला हुता, तिथं गुडघाभर पाणी हाय. गुडघाभर पाण्यात माणूस बुडत नसतं."

"ते म्या बगून बोललो नव्हतो."

"ठाव हाय मला."

ऊन डोक्यावर आलं, मग कलायला लागलं. काठावरून सासऱ्यांची हाक आली, एकदा, दोनदा. पाणी निवळत होतं, पण फार सावकाश. गाळाला कुणाची घाई नसते. शेवटी तिच्या पायापाशी, परातीएवढ्या जागेत, तळ दिसायला लागला. ती ओणवी झाली. मीही. श्वास रोखून, कारण श्वासानंसुद्धा पाणी हललं असतं.

"तीन," ती म्हणाली.

"अजून लई हायत. जरा थांब, तिकडं..."

"असतील. मला तीन दिसल्या." ती उठली, लुगडं झटकलं. "एक मागितलं हुतं. तीन निघाल्या. चला."

परतीला अप्पा वल्हवत होते. काहील फिरत होती. तिचं तोंड माझ्यासमोर यायचं, मग तळं यायचं, मग तिचं तोंड. काठावर माझ्या चपलांवर कुणीतरी पळसाची फुलं वाहिली होती, गुलालही टाकला होता. तिनं फुलं पाण्यात सोडली, चपला आपटून गुलाल झाडला आणि गावाकडं तोंड करून माझ्यापुढं ठेवल्या. सासऱ्यांनी विचारलं, काय ठरलं. ती म्हणाली, "पोहे टाकते. खाऊन जावा."

त्यानंतर ती कधी बेटावर आली नाही आणि मीही नेलं नाही. पुढं निजाम गेला, नाका गेला, खालसा आणि मोगलाई हे शब्दही म्हाताऱ्यांबरोबर गेले. तळ्यात गाळ इतका साचला की आता फाल्गुनात बेटापर्यंत शेरडं चालत जातात. पत्रं मात्र मी जेवढ्यास तेवढी वाचायला लागलो, आणि लोक पुन्हा पटवाऱ्याकडं जायला लागले.

पाहुणे आले की बेटाची गोष्ट मी सांगायचोच. समुद्र, अकरा दिवस, मगरी, सगळं. ती आत चुलीपाशी असायची. आतून कधी आक्षेप यायचा नाही, मगरींनाही नाही. फक्त मी गारगोट्यांपाशी आलो, एकशे सात म्हणालो, की आतून भांड्यांच्या आवाजात एकच शब्द यायचा.

"तीन."

ती गेल्याला आता सहा हिवाळे झाले. गोष्ट मी अजून सांगतो. एकशे सात म्हणतो आणि जरा थांबतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, म्हातारा दम घेतोय.